पावसाळ्यात न निघणाऱ्या गाडीला टायर कोणते घ्यावेत?

पुण्या-मुंबईकडे हल्ली अशी घरं बरीच आहेत. ऑफिस, ट्रॅफिक, पाऊस या सगळ्याला एक साधी गाडी, आणि दुसरी हौसेची. ही दुसरी जूनमध्ये कव्हरखाली जाते ती दसऱ्याच्या सुमारास बाहेर येते. मग रविवारी पहाटे ताम्हिणीपर्यंत जाऊन यायचं, कधी महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून कोकणात. हा लेख त्या दुसऱ्या गाडीच्या टायरांबद्दल आहे.

उदाहरणाला फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय घेतो. गाडी चाकणची, २०१३ मध्ये आली, २०२२ मध्ये भारतातली पोलो बंद झाली. आता ती सेकंडहँड बाजारात मिळते आणि अनेकांनी हौसेखातर जपून ठेवली आहे. तुमची गाडी स्विफ्ट असो, जुनी सिटी असो किंवा आय२० एन लाइन, माप बदलेल, विचार तोच राहील.

आधी किलोमीटर मोजा

टायरच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, "साहेब, रनिंग किती?" तुम्ही काहीही सांगा, समोर येतो तो बहुतेक वेळा जास्तीत जास्त टिकणारा टायर. "पन्नास हजार कुठं गेले नाहीत." रोजच्या गाडीला हा सल्ला अगदी रास्त आहे. हौसेच्या गाडीला तो महागात पडतो.

समजा गाडी वर्षाला ४,००० किमी चालते. सहा वर्षांत झाले २४,०००. टायरचं रबर मात्र गाडी उभी असली तरी म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन, ओझोन, ऊन, उष्णता यांनी ते कडक होत जातं आणि पकड कमी होते. सहा वर्षांनंतर टायर बदला असं अनेक गाडी-कंपन्या पुस्तिकेत सांगतात. दहा वर्षं म्हणजे शेवटची हद्द, नक्षी (रस्त्याला टेकणाऱ्या भागातली खोबणी) कितीही शिल्लक असो. मग ५०,००० किमी टिकणारा टायर घेतलात तर निम्मी नक्षी अंगावर असतानाच तो उतरवावा लागणार. न वापरलेल्या त्या निम्म्या नक्षीचे पैसे तुम्ही भरलेत, आणि वर सहा वर्षं कडक, बथ्थड रबरावर घाट केलात.

म्हणून अशा गाडीला २५ ते ३० हजार किमी टिकणारा, मऊ रबराचा टायर परवडतो. 'परवडणारा' याचा हिशेब इथे किलोमीटरमागे नाही, वर्षामागे करायचा. चार टायरांच्या सेटमागे आठ हजार रुपये जास्त गेले तर सहा वर्षांत ते वर्षाला तेराशे-चौदाशेच्या घरात पडतात. तेवढ्यात ब्रेकिंगचं अंतर आणि स्टिअरिंगची जाण सुधारत असेल तर तो पैसा एक्झॉस्ट आणि स्टिकरांपेक्षा कितीतरी चांगल्या ठिकाणी गेला.

तुमची गाडी वर्षाला बारा-पंधरा हजार किमी फिरत असेल, तर हा हिशेब उलटा होतो. मग टिकाऊ टायरच घ्या.

माप: हात आवरा

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत एक स्टिकर असतो. त्यावर कंपनीनं मंजूर केलेली मापं आणि हवेचा दाब लिहिलेला असतो. सुरुवात तिथून.

पोलो जीटी आधी १८५/६० आर१५ वर यायची, नंतर १९५/५५ आर१६ वर. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्केवारीत. शेवटचा रिमचा, म्हणजे टायर ज्या धातूच्या चाकावर बसतो त्याचा व्यास, इंचात. यावरून पूर्ण चाकाची उंची काढता येते. १८५ चे ६० टक्के १११ मिमी; वर-खाली मिळून २२२; त्यात १५ इंच म्हणजे ३८१ मिमी मिळवा. झाले ६०३ मिमी. याच पद्धतीनं १९५/६० आर१५ चे ६१५ होतात, म्हणजे दोन टक्के जास्त. १९५/५५ आर१६ चे ६२१, तीन टक्के जास्त. आणि दुकानात मोठ्या उत्साहानं सुचवलं जाणारं २०५/५५ आर१६ जातं ६३२ वर. मूळ मापापेक्षा जवळपास पाच टक्के. तिथे थांबायचं. स्पीडोमीटर चुकतो, पिकअप जड होतो, पूर्ण वळवल्यावर किंवा भरल्या गाडीत खड्ड्यात टायर आतल्या प्लास्टिकला घासू शकतो. तीन टक्क्यांच्या आत राहा.

कायद्याचाही मुद्दा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनुसार गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करता येत नाहीत. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर टायरचं माप वाचतो हे विसरू नका. त्याच मॉडेलवर कंपनीनं दिलेलं माप लावलंत तर वादाला जागा कमी.

रुंद टायर म्हणजे जास्त पकड हा समज फार घट्ट बसलाय. पकड आधी रबरातून येते, मग भिंतीच्या कडकपणातून, रुंदी त्यानंतर. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर भिंत बाहेर फुगते आणि स्टिअरिंग वळवल्यावर गाडी अर्धा क्षण उशिरा ऐकते. माझा सल्ला विचाराल तर १५ इंची रिम असेल तर १५ इंचावरच राहा आणि अलॉय रिमचे वाचलेले पैसे टायरमध्ये घाला. एक अडचण मात्र खरी आहे: चांगले स्पोर्टी टायर १५ इंचात कमी मिळतात, १६ मध्ये जास्त, १७ मध्ये भरपूर. १६ इंची मूळ अलॉय स्वस्तात मिळत असतील तर विचार करायला हरकत नाही. १७ इंचाचा नाद मात्र आपल्या खड्ड्यांत नको. भिंत जितकी बुटकी, तितका रिम वाकण्याचा आणि भिंतीला फुगा येण्याचा धोका जास्त. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो टाकूनच द्यायचा.

बाजूची भिंत वाचायला शिका

मापाच्या पुढे '८४ एच' किंवा '८७ व्ही' असं काही असतं. आकडा भार सांगतो: ८४ म्हणजे एका टायरला ५०० किलो, ८७ म्हणजे ५४५, ८८ म्हणजे ५६०. मूळ आकड्याच्या खाली कधीही जाऊ नका. अक्षर वेगाचं: टी १९०, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७० किमी प्रतितास. समृद्धी महामार्गावर मर्यादा १२० ची, मग व्ही कशाला, असं कोणीही विचारेल. वेगासाठी नाहीच. वरच्या अक्षराचा टायर उष्णता जास्त सोसतो आणि बहुतेक वेळा त्याची बांधणीही कडक असते, म्हणून वळणावर नेमका वाटतो. एकाच मॉडेलमध्ये टी आणि व्ही दोन्ही असतील तर व्ही घ्या.

मग 'ट्रेडवेअर' नावाचा आकडा. हा अमेरिकी सरकारच्या प्रतवारीतला. तिथे निर्यात होणाऱ्या टायरांवर तो छापलेला असतो, त्यामुळे भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक टायरवर सापडेलच असं नाही. टेक्ससमध्ये ठरलेल्या सुमारे ६४० किमीच्या वाटेवर गाड्यांचा ताफा एकूण सुमारे ११,६०० किमी चालवतात आणि प्रमाण टायरच्या, म्हणजे १०० आकड्याच्या तुलनेत झीज मोजतात. आकडा मोठा तितका टायर टिकाऊ. २०० च्या आसपास म्हणजे रेस ट्रॅककडे झुकलेला, ३०० च्या आसपास रस्त्यावरचा स्पोर्टी, ४०० ते ५०० च्या पुढे टिकाऊ टूरिंग. आपल्या कामाचा पट्टा साधारण २८० ते ४००. पण शेवटचा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून एका कंपनीचा ३४० आणि दुसरीचा ३४० एकच समजू नका. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत तुलना करायला तो चांगला.

त्याच ओळीत 'ट्रॅक्शन एए' किंवा 'ए' लिहिलेलं असतं. ती फक्त ओल्या रस्त्यावरच्या सरळ ब्रेकिंगची प्रत आहे. कोरड्या घाटातल्या वळणाबद्दल ती काहीही सांगत नाही.

कोणत्या जातीचा टायर?

परदेशी व्हिडिओ बघून निवड करू नका, कारण तिकडे 'चांगल्या हवामानातली गाडी' म्हणजे बर्फात न निघणारी. उन्हाळी टायरचं रबर ७ अंशांच्या खाली कडक पडतं ही त्यांची मोठी चिंता. आपल्याकडे जानेवारीतली पहाट सोडली तर तो प्रश्नच येत नाही. आपला प्रश्न उष्णता आणि धूळ. एप्रिलच्या दुपारी डांबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं.

सगळ्यात वरच्या पायरीवर योकोहामा ॲडव्हान निओव्हासारखे २०० ट्रेडवेअरचे टायर येतात. जून २०२० पासून टायरांची आयात सरकारी परवान्याखाली गेली, शिवाय आयएसआय मार्क बंधनकारक आहे, त्यामुळे ही मंडळी इथे अभावानंच दिसतात. दिसली तर बनल्याची तारीख जुनी किंवा किंमत अवाच्या सवा. घाटात मजा करणाऱ्या गाडीला त्यांची गरजही नाही. ते गरम झाल्यावर खुलतात आणि रस्त्यावर तितके गरम होतच नाहीत.

त्याखाली मिशेलिन पायलट स्पोर्टच्या कुळातले टायर. उत्तम, पण १५-१६ इंचात मापं मोजकी आणि खिशाला जड.

आपली खरी बाजारपेठ तिसऱ्या पायरीवर आहे. कॉन्टिनेंटलचा अल्ट्राकॉन्टॅक्ट यूसी६, योकोहामाचा ब्लूअर्थ-जीटी एई५१, ब्रिजस्टोनचा टुरान्झा, अपोलोचा अस्पायर ४जी प्लस, एमआरएफचा परफिन्झा, सिएटचा स्पोर्टड्राइव्ह. अपोलोच्याच मालकीच्या व्रेडेस्टाइनचा अल्ट्रॅक व्होर्टीही आहे, पण तो मोठ्या मापांकडे झुकलेला. यांत एक गल्लत टाळा. मिशेलिनचा प्रायमसी किंवा योकोहामाचा ॲडव्हान डीबी हे महाग आणि सुंदर टायर आहेत, पण त्यांचा जोर शांतपणावर आणि आरामावर. 'महाग म्हणजे स्पोर्टी' असं नसतं. तसंच 'इको' किंवा इंधनबचतीचं नाव मिरवणारे टायर हौसेच्या गाडीला घेऊ नका. वर्षाला चार हजार किमीत पेट्रोल वाचून वाचून किती वाचणार?

माझा क्रम असा: आपल्या मापात तिसऱ्या पायरीवरचे नेमके कोणते मॉडेल आज मिळतात ते आधी बघायचं, मग त्यातला ताज्या तारखेचा आणि व्ही रेटिंगचा निवडायचा. नावावर अडून बसून दोन वर्षं जुना टायर घेण्यापेक्षा दुसऱ्या पसंतीचा ताजा टायर बरा.

आणि गाडी पावसात काढत नाही म्हणून ओल्या पकडीकडे दुर्लक्ष करू नका. वळीव विचारून येत नाही. मे महिन्यात दुपारी चारला वाईच्या पुढे पसरणी घाटात असताना आभाळ भरलं तर गाडी तिथेच सोडून थोडीच येणार आहात? शिवाय महिनोन्महिने साचलेली धूळ आणि तेल त्या पहिल्या सरीत वर येतं आणि रस्ता साबणासारखा होतो. भर जुलैत धुतलेल्या रस्त्यापेक्षा हा प्रकार वाईट. म्हणून चार रुंद सरळ खोबणी असलेली नक्षी हवी. कायद्यानं १.६ मिमी नक्षी पुरते, पण उन्हाळ्याच्या अखेरीच्या सहलींना ३ मिमीच्या खालचे टायर नकोत.

दुकानात

खरेदी पावसाळ्यानंतर करा, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. मे अखेरीस नवे टायर घालून गाडी झाकून ठेवणं म्हणजे आयुष्याचे चार महिने फुकट.

दोन-तीन दुकानांतून आणि ऑनलाइन दर काढा, पण एकाच पद्धतीनं विचारा: टायर, फिटिंग, बॅलन्सिंग, नवे व्हॉल्व्ह, अलाइनमेंट, जीएसटी, सगळं धरून आणि जुन्या टायरांची किंमत वजा करून हातात किती? नाहीतर टायर पाचशेनं स्वस्त देणारा बॅलन्सिंगमध्ये वसूल करतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेव्हा त्याआधीचे दर कोणी सांगत असेल तर ते जुने आहेत. जुने टायर ठेवून घेताना दुकानदार जो भाव सांगतो, त्यात घासाघीस चालते.

टायर रिमवर चढवण्याआधी तारीख बघा. चढल्यावर नाही. 'डीओटी' अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. ३४२५ म्हणजे २०२५ सालचा ३४ वा आठवडा. गंमत अशी की ही पूर्ण ओळ अनेकदा टायरच्या एकाच बाजूला असते. समोरच्या बाजूला आकडे नसले तर टायर फिरवायला सांगा, मोबाइलचा टॉर्च तिरका धरा, म्हणजे काळ्यावरचं काळं उठून दिसतं. चारही टायर असेच बघा. एक जोडी नवी आणि एक जोडी मागच्या वर्षीची, हा प्रकार अगदी सर्रास चालतो. तीन-चार महिने जुना माल ठीक. सहा महिन्यांच्या पुढचा असेल तर सूट मागा. वर्षाच्या पुढचा सोडून द्या, कारण तुमची गाडी टायर वयानं संपवणार आहे आणि ते वय दुकानात आधीच सुरू झालंय.

वापरलेले आयात टायर, 'जपानहून आलेले, ऐंशी टक्के नक्षी', यांच्या वाटेला जाऊ नका. नक्षी दिसते, आतली दुरुस्ती आणि वय दिसत नाही.

पैसे कमी असतील आणि दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. मागच्या चाकांची पकड सुटली तर सामान्य चालकाला गाडी सावरत नाही. पण हौसेच्या गाडीला मी दोन टायरांच्या भानगडीत पडणार नाही. थांबा, पैसे जमवा, चारही एकदम घ्या.

बिलावर मॉडेल, माप आणि प्रत्येक टायरचा क्रमांक लिहून घ्या. वॉरंटीचा दावा त्याशिवाय उभा राहत नाही.

चढवताना उभे राहा

चहाला जाऊ नका. अनेक स्पोर्टी टायरांच्या दोन बाजू वेगळ्या असतात. 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर आली पाहिजे. काहींवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. अलॉयला चिकटवायची वजनं वापरायला सांगा, ठोकून बसवायची नकोत. पोलोला चाकावर नट नसून बोल्ट असतात, हबमध्ये आत जाणारे. ते हवेच्या गनवर पूर्ण आवळू देऊ नका. हातानं सुरू करून शेवट टॉर्क रेंचनं (ठरावीक जोर मोजून आवळणारा पाना), १२० न्यूटन-मीटरवर. टॉर्क रेंच नसलेलं दुकान असेल तर निदान हाताच्या पान्यानं आवळायला लावा. गनवर वाकडा गेलेला बोल्ट हबचे आटे खातो आणि खर्च टायरपेक्षा मोठा होतो.

अलाइनमेंटचा 'आधी' आणि 'नंतर'चा कागद मागून घ्या. पोलोच्या मागच्या चाकांना जुळवणी नसते, फक्त पुढची होते. मागचे आकडे फारच लाल दिसले तर ते अलाइनमेंटचं काम नाही, कुठेतरी काहीतरी वाकलंय.

पहिले काही दिवस, आणि हवा

नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा थर असतो. पहिले दोन-तीनशे किमी शांतपणे चालवा. गाडी थोडी लुळी वाटेल, कारण पूर्ण उंचीची नक्षी वळणावर किंचित वाकते. घाबरून टायर परत द्यायला पळू नका. थोडी झिजली की गाडी घट्ट होते.

हवा सकाळी, टायर थंड असताना भरायची. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण १ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) वाढतो. दुपारी पंपापर्यंत चालवत जाऊन स्टिकरवरचा आकडा भरलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर तीन-चार पीएसआयनं कमी असणार. कमी हवेची भिंत जास्त लवते, लवली की तापते, आणि समृद्धीसारख्या लांब, सरळ, काँक्रीटच्या रस्त्यावर तासभर एका वेगानं तापत राहिलेला जुना टायर फुटायला निमित्त शोधत असतो. पंपावरच्या मापकावर भरवसा ठेवू नका, स्वतःचा डिजिटल गेज घ्या. नायट्रोजनसाठी जादा पैसे द्यायची गरज नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

दाब बारीक जुळवायचा असेल तर खडू घ्या. टायरच्या खांद्यावर, नक्षीच्या काठापासून भिंतीवर दोन बोटं खाली येईल अशी रेघ तीन ठिकाणी मारा आणि ओळखीच्या घाटातून नेहमीच्या, शिस्तीच्या वेगानं जाऊन या. खांद्यावर एक बारीक त्रिकोण कोरलेला असतो. रेघ त्याच्या खालीपर्यंत पुसली गेली असेल तर टायर भिंतीवर कलंडतोय, हवा वाढवा. त्रिकोणाच्या बरीच वर थांबली असेल तर थोडी कमी करा. पुढे आणि मागे वेगवेगळं उत्तर येऊ शकतं. स्टिकरच्या आकड्यापासून दोन पीएसआयपेक्षा लांब जाऊ नका.

जूनमध्ये झाकताना

चार महिने एका जागी उभ्या गाडीच्या टायरला तळाशी चपटेपणा येतो. झाकण्याआधी दाब तीन ते पाच पीएसआयनं वाढवा, टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आत राहून. चाकं साध्या पाण्यानं धुवा. चकाकी आणणारं पॉलिश लावू नका. खनिज तेलाचं असेल तर रबराला ते बाधतं. पार्किंगच्या फरशीवर तेल सांडलेलं असेल तर खाली प्लायवूडचे तुकडे टाका. पंधरा दिवसांनी गाडी हातभर पुढे-मागे करा. स्टेपनीची तारीखही याच वेळी बघा. ती कधीच झिजत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही, आणि जुन्या पोलोत गाडीच्या वयाचीच स्टेपनी सापडते.

ऑक्टोबरमध्ये बाहेर काढल्यावर दाब स्टिकरवर आणा. पहिल्या काही किलोमीटरला धडधड जाणवेल. टायर गरम झाले की ती जाते. वीस-तीस किलोमीटरनंतरही राहिली तर गाडी वर उचलून चाक हातानं फिरवा आणि आतल्या बाजूच्या भिंतीवर फुगा किंवा भेगा आहेत का ते बघा.